फोटॉनच्या वाटेत चादर

रोसविटा त्सांगर्लने माळ्याचं दार उघडलं आणि ओली चादर फाडकन तिच्या तोंडावर बसली.

"दार लावा. धूळ येते," चादरीपलीकडून कोणीतरी दातांत चिमटे धरून बोललं.

"फ्राउ नाव्राटिल, आज इथे प्रयोग आहे!"

"फ्राउ होफराट नाव्राटिल," म्हातारीने चिमटे काढून आधी ते दुरुस्त केलं. "आणि आज मंगळवार आहे. मंगळवार माझा."

व्हिएन्नातल्या त्या जुन्या इमारतीत बिऱ्हाडांना धुण्याचे वार वाटून दिलेले होते, आणि माळा हा कपडे वाळत घालायचा, हे तिथल्या पायरीपायरीला ठाऊक होतं. नाव्राटिलबाईंचा नवरा सरकारदरबारी होफराट, म्हणजे मानाचा सल्लागार, होता. तो जाऊन कैक वर्षं झाली, पण हुद्दा बाईंनी काही परत केला नव्हता. दुकानदार, डॉक्टर, ट्रामचा कंडक्टर, सगळ्यांना त्या होफराटीणबाई होत्या, आणि जो तसं म्हणायला विसरे त्याची त्या तिथल्या तिथे हजेरी घेत.

प्रयोग तसा साधा होता, म्हणजे निदान सांगायला. रस्त्यापलीकडच्या संस्थेच्या माळ्यावरून प्रोफेसर लेओपोल्ड स्ट्रनाड प्रकाशाचे कण सोडत, पण एका वेळी एकच. तो कण एका अर्धपारदर्शक आरशावर जाई. तिथून एक वाट प्रोफेसरांच्या टेबलाकडे आणि दुसरी रस्ता ओलांडून, छपराच्या भोकातून, या माळ्यावर रोसविटाच्या टेबलाकडे. कण एकच, तेव्हा तो कुठल्या तरी एकाच वाटेने गेला असणार, असं तुम्हाआम्हाला वाटतं. रोसविटाचं म्हणणं, अजिबात नाही. मोजेपर्यंत तो दोन्ही वाटांवर मिळून एक असतो, आणि एका टोकाला त्याला काय विचारलं यावर दुसऱ्या टोकाचं चित्र त्याच क्षणी ठरतं. हे सिद्ध करायचं तर दोन टोकांनी आपसात गुपचूप काही सांगितलं नाही, याची खात्री हवी. म्हणून मोजणी चालू असताना फोन बंद, संगणकाची तार काढलेली, आणि दोन्हीकडचे आकडे एकत्र करायचे ते थेट संध्याकाळी. प्रोफेसरांनी हा नियम इतका मनावर घेतला होता की प्रयोगाच्या दिवशी ते रोसविटाच्या नमस्कारालाही उत्तर देत नसत.

आणि आज तर शेवटची संधी होती. आठवडाभर धुकं होतं, आजच आभाळ उघडलं होतं. पाच वाजता समितीच्या अध्यक्षा डॉ. ख्लुमेत्स्की आकडे बघायला येणार होत्या. आकडे जमले तर रोसविटाची नेमणूक पुढे चालू, नाहीतर शुक्रवारी गाशा गुंडाळून टिरोलमध्ये भावाच्या खाणावळीत जायचं आणि बर्फावर घसरून दमलेल्या पाहुण्यांना क्नोडलचे उकडलेले गोळे वाढायचे. भावाने गेल्या नाताळात तिच्यासाठी एप्रनसुद्धा शिवून ठेवला होता. रोसविटाने तो त्याच्या देखत चुलीत घातला होता.

मंगळवार हा होफराटीणबाईंचा वार आहे, हे तिने प्रोफेसरांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दर वेळी ते "हं, उत्तम" म्हणाले होते.

"बाई, मोजणी सुरू झालीय. तुमची चादर बरोब्बर वाटेत आहे."

"कोणाच्या वाटेत?"

"प्रकाशाच्या कणाच्या."

"मग त्याला म्हणावं, वाकून जा. घरमालकाच्या कचेरीने तुम्हाला परवानगीचा कागद दिला असेल, मला कोणी विचारलेलं नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. रोसविटाने चादरींची दोरी एका टोकाने सोडली आणि बाजूच्या तुळईला बांधली. चादर वाटेतून हटली. पण चार ओल्या, जाडजूड, लग्नातल्या चादरींचं ओझं म्हणजे काय, हे तिच्या गणितात नव्हतं. तुळई करकरली आणि केसभर वाकली. आणि त्याच तुळईला रोसविटाचा आरसा बसवलेला होता! रस्ता ओलांडून आलेला कण आता टेबलाऐवजी भलतीकडेच कुठेतरी जाऊन पडत होता. त्यात तुळईवरची दोरीही सुटायला लागली. तिने धावत जाऊन ती दोन्ही हातांनी धरली.

"अगं, जमिनीला लागू देऊ नकोस! पुन्हा धुवायला लावशील!" बाई किंचाळल्या. चादरींवर बेतल्यावर त्या तुम्हीवरून एकदम तूवर आल्या.

"मी दोरी सोडली तर त्या टेबलावर पडतील आणि यंत्र संपेल. आणि आरसा सरळ करायचा तर वाट दिसायला हवी. एकेकटा कण डोळ्यांना दिसत नाही. प्रोफेसरांनी तिकडून मोठा दिवा लावला तरच."

"मग सांग ना त्यांना."

"फोन बंद आहे."

"खिडकी आहे ना?"

बाईंनी छपराची बाजूची झडप उघडली, उशीचा अभ्रा घेतला आणि अख्ख्या रस्त्याला दिसेल असा फडकवला. समोरच्या खिडकीत प्रोफेसर उभेच होते. त्यांनी पाहिलं. रोसविटानेही मान उंच करून ओरडून सांगितलं, "दिवा लावा!" प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर भुताला पाहिल्यासारखी भीती पसरली. निरोप! मोजणी चालू असताना, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला! त्यांनी एका हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्याने काळा पडदा सर्रकन ओढून घेतला.

होफराटीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या तोंडावर पडदा ओढला? बाई हात करतेय आणि हा पडदा ओढतो? धर तू दोरी. बघतेच त्याला."

"बाई, थांबा! त्यांच्या खोलीत अंधार लागतो, तिथे जाऊन..."

पण बाई सपाता वाजवत अर्धा जिना उतरल्या होत्या. रोसविटा दोरी धरून उभी राहिली. खांदे भरून आले. चादरींचं पाणी बाहीतून काखेपर्यंत पोचलं. एक क्षण तिच्या मनात आलं, द्यावी सोडून दोरी, जावं टिरोलला. मग तिला भावाचं हसू आठवलं आणि तिने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला मारला. क्नोडल वाढणार नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात माळ्याच्या अंधारात, चादरीच्या पांढऱ्या कापडावर, एक पिवळट ठिपका उमटला.

रोसविटा बघतच राहिली. हा दिव्याचाच उजेड होता, आणि कणाच्याच वाटेने आला होता. जिथे पडायला हवा तिथून तो चांगला वीतभर डावीकडे पडला होता. तिने दोरी दातांत धरली, एक हात मोकळा केला आणि आरशाचा स्क्रू फिरवायला लागली. ठिपका चादरीवरून सरकत सरकत काठाशी आला, काठावरून उतरला आणि टेबलावरच्या भिंगात अलगद जाऊन बसला. तिने दोरी तुळईऐवजी धुराड्याच्या विटांना करकचून बांधली, आरसा पुन्हा एकदा तपासला, आणि मगच भिंतीला टेकून खाली बसली. ठिपका विझला.

होफराटीणबाई परत आल्या त्या विजयी मुद्रेनेच.

"काय केलंत तिथे?"

"काय करणार? खोलीत काळोख. मी म्हटलं, माणसासारखं उजेडात बोला. लावला दिवा. तर हा लागला किंचाळायला. भिंतीच्या भोकाशी एका पेटीवर काळं कापड टाकून ठेवलं होतं, म्हटलं काय लपवलंय बघू, ओढलं कापड. यंत्रांनी टीं टीं करून मानाच टाकल्या. त्यावर हा कानांत बोटं घालून कोपऱ्यात तोंड करून उभा! मी एवढं सगळं सांगितलं, चादरी, आरसा, दोरी. एक अक्षर ऐकलं नाही मेल्याने. शेवटी मीच कापड घातलं, दिवा घालवला आणि आले."

"यंत्रं पुन्हा सुरू झाली?"

"जिन्यात होते तेव्हा तो मोजत होता मोठमोठ्याने."

पाच वाजता संस्थेत डॉ. ख्लुमेत्स्कींसमोर दोन्हीकडचे आकडे एकत्र केले. सकाळचे शून्यावर शून्य. पण यंत्रं नव्याने सुरू झाल्यानंतरची रेघ चढत चढत गेली आणि एकाच वाटेने गेलेल्या कणाला जी मर्यादा ओलांडता येणार नाही ती ओलांडून वर निघून गेली. रोसविटाने ती बोट लावून पाहिली. कोणाच्या नकळत तिने डोळे पुसले, आणि मग कोणी पाहिलं तर पाहिलं म्हणून उघडपणे पुसले.

"सुंदर," ख्लुमेत्स्की म्हणाल्या. त्या सहजासहजी सुंदर म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आता एकच प्रश्न. दोन टोकांमध्ये दिवसभरात काही संपर्क?"

प्रोफेसर पांढरेफटक पडले. "एक वयस्कर बाई... सपाता घालून... मला वाटतं, हे सगळं रद्द करावं. पुढे कधीतरी पुन्हा करू."

"माझं पुढे कधीतरी शुक्रवारी संपतं," रोसविटा म्हणाली. तिचे केस अजून ओले होते आणि मनगटावर दोरीचा वळ होता. "काहीही रद्द होणार नाही. बाई आल्या तेव्हा मोजणी बंद पडली होती. आणि त्यांनी काय निरोप दिला, विचारा प्रोफेसरांना."

"काय दिला?"

"माझ्या... कानांत बोटं होती."

"आणि त्याआधी? डॉ. त्सांगर्ल, तुम्ही स्वतः यांना काही सांगितलंत?"

"सांगितलं. सकाळी सांगितलं, गेल्या आठवड्यात सांगितलं. मी या संस्थेत आठ वर्षं सांगतेय, डॉक्टरबाई. माझा एक शब्द आजवर या माणसापर्यंत पोचलेला नाही. दोन टोकं याहून अलग ठेवलेला प्रयोग तुम्हाला कुठे सापडला तर मला दाखवा."

ख्लुमेत्स्कींनी चष्मा काढून पुसला.

"प्रोफेसर, विचार करून उत्तर द्या. यांचा एक जरी शब्द तुमच्यापर्यंत पोचत असेल, तर मला हा निकाल बाद करावा लागेल. पोचतो का?"

प्रोफेसरांनी चढत्या रेघेकडे पाहिलं. त्यांचंही नाव तिच्यावर लागणार होतं. मग त्यांनी रोसविटाकडे पाहिलं. नजर चुकवायची सोय नव्हती. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"नाही," ते पुटपुटले. "एकही नाही."

"तसं लिहून द्या."

त्यांनी लिहिलं. डॉ. त्सांगर्ल यांचे म्हणणे आपल्यापर्यंत कधीही पोचत नाही, असं स्वच्छ अक्षरांत लिहिलं, खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"तारीख राहिली," रोसविटा हळूच म्हणाली.

प्रोफेसरांनी तो कागद मुकाट्याने परत ओढला आणि तारीख घातली.