डॉर्कस कोंबडीपासून टोपी सोडविल्याची हकीकत

लेखनास कारण की, वडीलधाऱ्यांचा इशारा धाकट्यांनी हसण्यावारी नेला म्हणजे कैसा प्रलय ओढवतो, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे. अमेरिकेतील व्हरमाँट मुलखी मातुश्री मेहिटबेल थ्रॉल यांनी सूनबाई लुसिंडा यांस बजाविले होते, "अगं, अल्फियसची टोपी खुंटीला लावत जा. कोंबड्या खुडूक होऊन अंड्यांवर बसायचे दिवस आहेत." सूनबाई विद्यालयात लॅटिन शिकलेल्या, आणि नऊ महिन्यांचे चिरंजीव एनॉस कडेवर, आणि चूल, विहीर, जिना, सुई या समस्त शत्रूंवर त्यांची अष्टौप्रहर नजर, कोंबडी त्यांत नव्हती. ऐकिले आणि सोडिले.

सूनबाईंचे यजमान राजमान्य अल्फियसराव, बारा वर्षे वकिली आणि दोन खेपा कायदेमंडळ गाजविलेले. त्या मुलखी वकिलांचा दस्तूरच ऐसा की, समस्त कागद उंच रेशमी टोपीत वागवावे. त्या टोपीत राजधानीहून सनद येऊन पडली होती की, लिस्बनास राजदूत नेमिले, स्वीकाराची सही होऊन कागद सोमवारी दोनप्रहरच्या टपालगाडीने न निघाला तर नेमणूक दुसऱ्यास. मग रावसाहेब सर्दीने आठ दिवस बिछान्यास खिळले, आणि सूनबाईंनी टोपी मागल्या ओसरीत उताणी ठेविली, आणि सोमवारी पाहातात तो आत डॉर्कस नामे तांबडी कोंबडी ठाण मांडून, खाली पाच अंडी, अंड्यांखाली सनद.

रावसाहेबांनी प्रथम वकिलीचा मोर्चा लाविला आणि बेकायदा कब्जाचा आरोप खड्या आवाजात वाचिला. डॉर्कसने अंगठा फोडिला. मग कायदेमंडळाची मसलत योजून कुंपणापलीकडील शेजाऱ्यांची मते घेतली आणि ठराव बिनविरोध मंजूर केला. डॉर्कसने पिसे फुलविली. मग राजदूतास शोभेसा तह मांडिला, ओंजळभर मका नजर केला. मका फस्त जाहला, टोपी सुटली नाही.

सूनबाई वदल्या, "अहो, सरळ उचला ना."

"टोचते गं ती."

इतक्यात एनॉसने चोचीकडे बोट नेले, आणि सूनबाईंनी त्यास मागे ओढिले, आणि पुलावर टपालगाडीचे शिंग वाजले. मग सूनबाई लॅटिन आणि अभिमान दोन्ही गिळून, मूल छातीशी धरून, रस्त्यापलीकडे सासूबाईंच्या पांढऱ्या घरी धावल्या. मातुश्री मोजा विणीत होत्या. कागद न जाता तर लेक, सून, नातू तिघेही डोळ्यांसमोर राहते. हे त्यांस पुरते ठाऊक होते. क्षणभर सुया थांबल्या. मग मातुश्री उठल्या.

आल्या, कमरेचा एप्रन सोडिला, डॉर्कसवर टाकिला, आणि अंधार होताच ती रणरागिणी गरीब गाय जाहली, आणि अंड्यांसुद्धा शिवणाच्या टोपलीत गेली. लेकास म्हणाल्या, "समुद्र ओलांडणार म्हणे, आणि कोंबडी उचलवेना."

एक अंडे फुटून सनदेवर पिवळा शिक्का उमटला होता. त्याशेजारीच सही जाहली, आणि गाडी वळणाआड जाता जाता कागद गाडीत पडला. येणेप्रमाणे फत्ते जाहली. टोपी डॉर्कसला कायम इनाम दिली, आणि डॉर्कस मातुश्रींच्या हवाली केली.

शुक्रवारी जहाज सुटते. मातुश्री सोबत येत नाहीत, म्हणतात, कोंबडीकडे कोण पाहील. तरी जो कोणी हे वाचील त्याने त्या रस्त्याने जाता, पुलापुढील पांढऱ्या घराच्या धुराड्यातून सकाळी धूर निघतो की नाही, तेवढे पाहावे. न निघाला तर दार ठोठावावे. अंडी मागावयास आलो म्हणावे.