खांबेटे मास्तरांची मिशी

मंगळवारी सकाळी कोल्हारच्या पोस्टातलं तारेचं यंत्र कडकट्ट वाजू लागलं आणि पोस्टमास्तर मधुसूदन खांबेटे सवयीने तार उतरवून घेऊ लागला. नाव लिहून झालं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हे नाव आपलंच आहे. मजकूर चारच शब्दांचा होता. 'गुरुवारी दुपारी येतो. अण्णा.' कागदावर शेवटचं अक्षर उमटलं आणि मधुसूदनाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. टपाल लावत बसलेल्या शलमोन पोस्टमनने ते पाहिलं. दुसऱ्याची तार वाचायची नाही हा खात्याचा नियम शलमोन बायबलाइतका पाळी. त्याने तार वाचली नाही, मास्तरांचा चेहरा वाचला आणि मुकाट्याने सायकल काढली.

वडील येणार म्हणून कुणी डोकं धरून बसत नाही. पण बहात्तर सालच्या त्या जानेवारीत मधुसूदनाला पुण्याहून कोल्हारला येऊन तीन महिने झाले होते, आणि तीन महिने तो अण्णांना दर आठवड्याला पत्र लिहीत होता. गाव फार मायाळू आहे, संध्याकाळी माझ्याकडे माणसांची बैठक बसते, मला कुणी एकटं जेवू देत नाही, असं त्या पत्रांत असे. यातलं गाव आहे एवढंच खरं होतं.

दोष सगळा गावाचा होता असंही नाही. आल्या आल्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलवाल्या पुंजारामाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला, तर हा म्हणाला, मी चहा घेत नाही. ते खरंच होतं, पण चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं हे त्याला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्याने एका म्हातारीला, दोन मिनिटं उशीर झाला, खिडकी बंद झाली म्हणून परत पाठवलं. मग 'मास्तरला मानूस लागत न्हाई' असा गावाने निकाल दिला आणि येता-जाता रामराम घालण्यापुरता संबंध ठेवला. मधुसूदन संध्याकाळी खोलीवर यायचा, स्टोव्ह पेटवून भात लावायचा आणि बदलीचा अर्ज लिहायला बसायचा. दोन अर्ज वरून परत आले होते. तिसरा टेबलाच्या खणात तयार होता.

आता अण्णा येणार आणि पोराच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही हे डोळ्यांनी बघणार. आई गेल्यापासून ते पुण्याच्या खोलीत एकटेच राहत होते, आणि पोरगा सुखात आहे या एकाच गोष्टीवर त्यांचे दिवस जात होते. दोन दिवसांत माणसं कुठून पैदा करणार? निदान जे हातात आहे ते तरी करावं, असा मधुसूदनाने विचार केला. हातात काय होतं, तर मिशी. अण्णा निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यांना ती मिशी पहिल्यापासून खपत नसे. ती ठेवल्यापासून तू हवालदार दिसतोस, असं ते म्हणत. म्हाताऱ्याला तेवढंच समाधान, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो बन्सी न्हाव्याकडे गेला.

"मिशी काढायची," तो म्हणाला.

बन्सीचा वस्तरा जागीच थांबला. "समदी?"

"सगळी."

बन्सीने वस्तरा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात त्याने विचारलं, "अन् डोस्कं?"

"नको, डोकं राहू द्या."

गिऱ्हाइकाला गावभरच्या बातम्या सांगणारा बन्सी त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. मधुसूदनाला वाटलं, आता न्हावीही आपल्याशी बोलेनासा झाला. परतताना आणखी एक गोष्ट घडली. रस्त्यात चौघे-पाच जण भेटले, त्याने सवयीने रामराम घातला, आणि एकानेही उलटून रामराम घातला नाही. माना खाली घालून सगळे बाजूला झाले. रामरामापुरता उरलेला संबंधही तुटला, असं त्याने धरलं.

मात्र संध्याकाळी तो खोलीवर पोचला तर ओटीवर पुंजाराम बसलेला. पाठोपाठ आणखी तिघे आले, मग सहा आले. शलमोन आणि त्याची बायको मरिया आली. दिवेलागणीला खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी बोलत नव्हतं, अधूनमधून एखादा लांब सुस्कारा तेवढा ऐकू येई. मधुसूदन स्टोव्हकडे वळला तशी शेजारच्या खोल्यांची मालकीण गोजरबाई पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. आज इथे चूल पेटायची नाही, असं तिने बजावलं आणि पिठलं-भाकरीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं.

मधुसूदनाचा ऊर भरून आला. अण्णा येणार हे शलमोनने सांगितलं असावं, आणि आपण उगाच या लोकांना नावं ठेवत होतो, असं त्याला वाटलं. त्याने मोठा घास घेतला.

"घ्या मास्तर," गोजरबाई पदराने डोळे टिपत म्हणाली. "जानारा गेला. कडू घास घ्यावाच लागतो."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. आणि बाप गेल्यावर माणूस मिशी उतरवतो, सुतक्याला कुणी रामराम घालत नाही. हे सगळं मधुसूदनाला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते त्याला नेमकं तोंडात घास असताना आठवलं.

घास गिळून "अहो, माझे वडील..." म्हणेपर्यंत पुंजारामाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काही बोलू नका, तो म्हणाला, आणि स्वतःच बोलू लागला. तो मिलिटरीत असताना त्याचा बाप गेला. तार हिंडत हिंडत पोचली तेव्हा दहावाही उरकला होता. "तुमी सोताच्या हातानं बापाची तार ल्हिवली, अन् तसंच कामाला बसला. माझी छाती न्हाई झाली असती," म्हणताना त्या साठीच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्खी खोली हळहळली. अशा वेळी मध्येच उठून, माझा बाप ठणठणीत आहे, परवा दुपारच्या गाडीने येतोय, असं सांगायला काळीज दगडाचं लागतं. आणि खरं सांगायचं तर पिठलं फर्मास झालं होतं, तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याभोवती माणसं बसली होती. त्याने दुसरा घास आपणहून घेतला आणि तिथेच तो फसला.

बुधवारी सकाळी खरं सांगून टाकायचं ठरवून तो बाहेर पडला. वाटेत शाळा लागली. पोस्टमास्तरांच्या वडिलांसाठी सगळी शाळा पटांगणात दोन मिनिटं उभी होती. तो तसाच मागे फिरला. संध्याकाळी भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन आलं आणि दोन तास भजन झालं. ज्या म्हातारीला त्याने खिडकीवरून परत पाठवलं होतं तीही कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होती. जाताना तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आता हे सांगायचं ते कोणत्या तोंडाने?

राहता राहिला एकच उपाय. गुरुवारी स्टँडवर जायचं, अण्णांना गाडीतून उतरू द्यायचं नाही, तसंच पुढच्या गावी न्यायचं आणि तिथे पाय धरायचे. तो निघाला, आणि नेमकं यंत्र वाजू लागलं. बाभळेश्वरच्या कुणाची तरी लांबलचक तार होती. ती सोडून जाणं नियमात बसत नव्हतं. तार संपवून तो पळत निघाला तेव्हा गाडी केव्हाच धूळ उडवत मनमाडकडे गेली होती, आणि स्टँडवर ना अण्णा होते ना पुंजाराम. तो धापा टाकत खोलीवर आला. खोली माणसांनी भरलेली होती. तो आत शिरून कसाबसा बसतो तोच लांबच्या वाटेने सावकाश आलेला पुंजाराम अण्णांची पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला.

"मास्तर, तुमचं काका आल्यात पुन्याहून," तो म्हणाला.

त्याच्यामागे अण्णा होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, खचाखच भरलेली खोली पाहिली, मुलाचा सपाट झालेला वरचा ओठ पाहिला. स्टँडवर 'मास्तरांचं वडील गेलं, जपून बोला' असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं, आणि त्यांनी तिथल्या तिथे स्वतःला मयताचा धाकटा भाऊ करून टाकलं होतं.

"उगी, मधू," अण्णा म्हणाले. "दादा सुटले."

आणि ते स्वतःच्याच दुखवट्याला मांडी घालून बसले. लोकांनी त्यांना भिंतीशी जागा करून दिली. जरा वेळाने त्यांनी, गावात दादांविषयी काय ऐकिवात होतं, असं सहज विचारलं. गावाला दादांविषयी काडीची माहिती नव्हती, पण मेलेल्या माणसाविषयी बोलायला माहिती कशाला लागते? पोरावरून बाप कळतो, असं एक जण म्हणाला. देवमाणूस असणार, दुसरा म्हणाला. फार कडक असतील, असं तिसऱ्याने म्हणताच अण्णांनी घाईघाईने खुलासा केला, की शिस्त होती, पण मन लोण्याचं होतं. मधुसूदनाला ठसका लागला.

माणसं गेल्यावर अण्णा रागावतील म्हणून तो मान खाली घालून बसला. अण्णांनी गोजरबाईची भाकरी मोडली. "माझ्या नावाची आहे, टाकवत नाही," एवढंच म्हणून ते जेवले. दोन दिवसांसाठी आलेले अण्णा रविवारपर्यंत राहिले. रोज संध्याकाळी बैठक भरली, पुंजारामाचे आणि त्यांचे सूर जुळले. शनिवारी तर मळ्यात नेऊन त्यांना हुरडा खाऊ घातला गेला. सुतकात हुरडा कसा, असं कुणीही विचारलं नाही, याचं मधुसूदनाला नवल वाटलं.

रविवारी स्टँडवर दहा-बारा माणसं पोचवायला आली. गोजरबाईने अण्णांच्या हातात वाटेसाठी शिदोरी दिली आणि पायाला हात लावला.

"येत जा, अण्णा," ती म्हणाली. "अन् मास्तरला सांगून जा, मिशी राखा म्हनावं. बाप जिता असताना बरं दिसत न्हाई."

मधुसूदन गर्रकन वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तर वो. बेसतरवारी स्टँडवरनं येता येता पुंजारामानं वळाखलं. तुमची चालच ती."

"मग बोलला का नाहीत?"

"अण्णांनीच काका म्हून सांगितलं. पाव्हन्याला खोटं पाडत्यात व्हय?" गोजरबाईने आवाज उतरवला. "अन् बोललो असतो तर उठून जावं लागलं असतं. तुमच्या घरी बसाया आमाला तरी काय निमित्त हुतं, मास्तर?"

सगळ्यांदेखत मधुसूदनाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा अण्णांनी खिडकीतून त्याला जवळ बोलावलं.

"तुझी पत्रं वाचूनच आलो होतो मी," ते म्हणाले. "सुखात असलेला माणूस आठवड्याला चार-चार पानं लिहीत नसतो. वाटलं, पोरगं तिकडे वाळत चाललंय. तो खणातला अर्जही वाचला."

मधुसूदन खाली बघू लागला.

"पाठवू नकोस," अण्णा म्हणाले. "पुण्यात चाळीस वर्षं काढली, पण मी गेल्यावर शेजारच्या बिऱ्हाडातली चार माणसं तरी जमतील की नाही कोण जाणे. इथं माझं फार चांगलं नाव झालंय."