राहिलेल्या भाऊबिजा

“खानावळ घालतेस ती घाल, पण सासूबाईंना पंगतीसमोर बसू देऊ नकोस,” असं शेजारच्या सुशीलाबाईंनी विमलला गच्चीवर सांडगे घालताना स्पष्ट सांगितलं होतं. विमल नुसती हसली. सासूबाई काही कुणाला वाकडं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. उलट त्यांनी चार घास आग्रहानं वाढले तर गिऱ्हाईक टिकेलच, असा तिचा हिशेब होता. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या माणसाचे हिशेब असेच असतात, कागदावर एकदम बरोबर.

हैदराबादेत हिमायतनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांचं भाडं पोलीस अ‍ॅक्शननंतर वर्षभरात दोनदा वाढलं होतं. तिचा नवरा दिगंबर सरकारी हिशेब दफ्तरात कारकून. त्याची तनखा मात्र होती तिथंच बसून होती. विमलनं काटकसरीचे सगळे उपाय करून पाहिले. कोळशाच्या चुऱ्यात शेण कालवून गोळे वळले, दिगंबरच्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटवल्या, जुन्या पातळांतून मनूची झबली काढली, वर्तमानपत्र सुशीलाबाईंबरोबर अर्ध्यात घेतलं. तरी महिन्याचे शेवटचे आठ दिवस लंगडतच यायचे. अखेर दिवाळीच्या तोंडावर दिगंबर म्हणाला, “संक्रांतीपर्यंत बघू. नाही जमलं तर तू, आई आणि मनू गावी जा. मी इथं एखादी खोली घेऊन राहतो.”

गाव उमरग्याच्या पुढं चार कोस. मनू चौदा महिन्यांची होती. जरा गारठा पडला की तिची छाती घुरघुरायची, आणि विमल तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसायची. इथं नारायणगुड्याला डॉक्टर होते; मुलीला कडेवर घेऊन पळत सुटलं की दहा मिनिटं. गावी डॉक्टर किती लांब, असं तिनं विचारलं तेव्हा दिगंबरनं “बस मिळाली तर...” एवढं म्हणून वाक्य सोडून दिलं. त्या सोडून दिलेल्या वाक्यातून खानावळ सुरू झाली. महिना तीस रुपये हाली, म्हणजे निजामी शिक्क्याचे, दोन वेळचं जेवण. तीन माणसं मिळाली की गावी जायचं कारण नव्हतं.

पहिले आले लक्ष्मणराव. पोस्टात नवी नोकरी, अंगात नवा कोट, बोलायला लाजाळू. पान वाढलं, भाकरी आली, येसराची आमटी आली आणि समोर पाटावर सासूबाई आल्या.

“कुठले तुम्ही?”

“कंधारचा.”

“कंधारचे कुणाचे?”

“पांडे म्हणतात आम्हाला. किल्ल्याच्या अंगाला घर आहे.”

“मग लोह्याचे एकनाथराव तुमचे कोण?”

“सख्खे मामा!”

“अगंबाई!” सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “एकनाथची थोरली माझ्या चुलतबहिणीच्या घरात दिलीय. अरे, मग असं पाहुण्यासारखं काय चिवडतोस? विमल, तूप आण. लक्ष्मणा, नीट मांडी घालून बस.”

‘तुम्ही’चा ‘लक्ष्मणा’ व्हायला एक अख्खी भाकरीसुद्धा लागली नव्हती. जेवण झाल्यावर त्यानं आगाऊ तीस रुपये काढले, तर सासूबाईंनी ते त्याच्याच खिशात कोंबले आणि वर मूठभर बडीशेप दिली.

“आई, ते गिऱ्हाईक होतं,” तो गेल्यावर विमल म्हणाली.

“असेल. आता नाही.”

“पण पैसे घेतले नाहीत तर खानावळ कशाची?”

“परक्याचे घे की! मी नको म्हणते? परक्याच्या ताटाचे पैसे म्हणजे बाजार, त्याला दोष नाही. आपल्या माणसाचे घेऊन देवासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?”

म्हणणं रास्त होतं. अडचण एवढीच, की सासूबाईंच्या जगात परका माणूस अजून जन्मायचा होता.

दुसऱ्या वेळेला विमलनं बंदोबस्त केला. शाळामास्तर हणमंतराव जेवायला बसायच्या आधीच तिनं सासूबाईंना देवघरात पोथीसमोर बसवलं आणि दार ओढून घेतलं. आत वाचन सुरू झालं. बाहेर हणमंतराव एका अक्षरानं न बोलता जेवत होते. विमलनं त्यांना तशी विनंतीच केली होती. पण ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्यांना ठसका लागला. “नारायण, नारायण!” म्हणत त्यांनी तांब्या उचलला.

आतलं वाचन थांबलं. दार उघडलं.

“असा ठसका औशाच्या कुलकर्ण्यांशिवाय कुणाला लागत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या आजोळचा ठसका आहे तो.”

हणमंतराव पाणी प्यायचे थांबले. “मी औशाचाच. पण तुम्हाला—”

“विमल, तूप!”

अशा रीतीनं खानावळीला महिना झाला. जेवणारे दोन, येणारे रुपये शून्य, आणि तुपाचा डबा तळाला. भाऊबीज होऊन गेली, सकाळी अंगणात धुकं उतरायला लागलं. मनूची छाती वाजू लागली. दिगंबरनं माळ्यावरची वळकटी काढून उन्हात टाकली होती. विमलनं ती पाहिली आणि तडक आबिड्सला जाऊन ओळखीच्या स्टेशनरीवाल्याला सांगून आली, “जेवायला माणूस पाठवा. पण मराठी नक्को. मद्रासी चालेल, तेलुगू चालेल, कोणीही चालेल.”

शनिवारी संध्याकाळी माणूस आला. बंद गळ्याचा कोट, काळी छत्री, काडीसारखी अंगकाठी. विमलशी इंग्रजीत बोलला, उंबऱ्यातच तीस रुपये मोजून तिच्या हातावर ठेवले. तिनं ते चटकन कनवटीला लावले.

“आप कां के?” सासूबाईंनी आपल्या हैदराबादी उर्दूत विचारलं.

“कुंभकोणम.”

सासूबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात साऱ्या सोयऱ्यांची गावं धुंडाळली आणि हताश होऊन पोळी वाढली. पुरे महिनाभरानं विमलला मोकळा श्वास आला. तेवढ्यात मनू रांगत त्या गृहस्थापाशी गेली आणि छत्री धरून उभी राहिली. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, “ये बाळ, ये. पडशील हो.”



“तुम्ही मराठी?” दिगंबरनं विचारलं.

“आमचे पूर्वज तंजावरास आले,” ते संकोचून म्हणाले. “घरांत हीच भाषा बोलतों. बाहेर कोणी बोलत नाहीं. माझें नांव पंचनदराव.”

त्यांचं मराठी जुन्या शालूसारखं होतं. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत घडी घालून, कापूर ठेवून जपलेलं, इकडं आता कुणी नेसत नाही असं. सासूबाई पुढं सरकल्या.

“कुलदैवत?”

“तुळजापूरची भवानी, म्हणतात. पाहिली मात्र नाहीं.”

“ऐकलंस विमल? भवानीचा! न पाहता भवानीचा!” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “अडीचशे वर्षांनी लेकरू परत आलं, आणि तू त्याच्याकडून दारातच पैसे घेतलेस?”

कनवटीचे तीस रुपये परत गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पंचनदाला वालाच्या शेंगा सोलायला बसवलं, मांडीवर मनू दिली. दुपारी दिगंबर लोळता लोळता त्याला म्हणाला, “अरे पंचनदा, कोपऱ्यावरून जरा सुपारी आणतोस?” आणि तो छत्री घेऊन निमूटपणे गेलाही.

सोमवारी संध्याकाळी दिगंबर दफ्तरातून आला तो पांढराफटक पडून.

“आपला पंचनद कुठं नोकरीला आलाय, माहीत आहे?”

“कुठं?”

“माझ्या डोक्यावर. मद्रासकडून नवे साहेब येणार येणार म्हणत होते ना, ते हेच. आणि मी त्यांना सुपारी आणायला पाठवलं!”

“चांगलीच होती सुपारी,” सासूबाई म्हणाल्या. “घरचाच साहेब. आता काय काळजी!”

काळजी आठवडाभरात आली. दिगंबर साहेबाला जेवू घालून खूश ठेवतो, अशी कुजबुज दफ्तरात सुरू झाली आणि ती साहेबांच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी पंचनदराव आले ते पाटावर न बसता दारातच उभे राहिले. हातात तीस रुपये.

“आई, हे घ्यावे,” ते म्हणाले. “न घेतलेत तर हाताखालच्या माणसाकडे फुकट जेवलों असें मला लिहून द्यावें लागेल. मग दिगंबररावांची बदली करणें भाग. बीडास जागा रिकामी आहे.”

“बीडला?” दिगंबर म्हणाला.

“बीडास.”

बीडला बिऱ्हाड न्यायची सोय नव्हती. दिगंबर बीडला म्हणजे बाकीच्यांनी उमरग्याच्या पुढच्या गावी जायचं, हे विमलला सांगायला कुणी नको होतं. पाळण्यात मनूची छाती घुरघुरत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

“लेकराच्या ताटाचे पैसे मी घ्यायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचीही नजर पाळण्याकडंच गेली.

पंचनदरावांनी नोटा खिडकीत ठेवल्या. सासूबाईंनी त्या उचलून त्यांच्या खिशात घातल्या. त्यांनी त्या कोनाड्यात ठेवल्या. सासूबाईंनी त्या छत्रीत टाकल्या. त्यांनी छत्री उलटी केली. दोघंही डोळे पुसत होती आणि दोघंही हटत नव्हती. मध्ये दिगंबर उभा राहून एकदा साहेबाकडं, एकदा आईकडं बघत होता. अशा वेळी पुरुषांना जे जमतं तेवढं तो करत होता.

“दादा,” विमल पंचनदरावांना एकदम म्हणाली, “तुमचं गोत्र काय?”

“काश्यप.”

“माझ्या माहेरचंही काश्यप!”

ते खरंच होतं. नसतं, तरी त्या दिवशी तिनं ते करून घेतलं असतं. ती आत गेली आणि तबक, निरांजन, सुपारी घेऊन बाहेर आली.

“सगोत्र म्हणजे भाऊ. आई, तुमच्या नात्यानं हे कुणीही असोत, माझ्या नात्यानं भाऊ आहेत. दारात उभ्या असलेल्या भावाला ओवाळू नको म्हणता?”

“अगं, भाऊबीज होऊन महिना होत आला की!”

“हे तिकडं होते ना? त्यांची राहिली.”

ओवाळणीला नाही म्हणायचं कसं, हे सासूबाईंना त्यांच्या आईनं शिकवलंच नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं पाट मांडला. पंचनदराव डोक्यावर रुमाल टाकून बसले. निरांजन तीनदा फिरलं आणि तीस रुपये तबकात पडले.

उठताना त्यांच्यातले साहेब जागे झाले. “पावती मिळेल काय? फायलीस लावावी लागेल.”

विमलनं मनूच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं : ‘राहिलेली भाऊबीज, एक, पोचली.’

पंचनदरावांनी ती दोनदा वाचली. “एक? आणि पुढल्या महिन्याचें कसें?”

“मी तेवीस वर्षांची आहे, दादा. म्हणजे अजून बावीस बाकी आहेत. महिन्याला एक दिलीत तरी चालेल.”

हिशेबाच्या माणसाला हिशेब पटला. त्या घरात ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

विमलला वाटलं होतं, सासूबाई आठवडाभर अबोला धरतील. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण पानावरून उठतो आहे तोच त्यांनी त्याला हटकलं, “काय रे, बहिणीच्या हातचं खातोस आणि हात झटकून चाललास? ओवाळून घ्यायची काही रीतभात?”

“मावशी, मी पहिल्या दिवशीच देत होतो...”

“ते ताटाचे होते. हे तबकातले. बस पाटावर.”

हणमंतरावांना ठसका लागला. “नारायण, ना—”

“ठसका नंतर. आधी रुमाल घाला डोक्यावर.”

पंचनदरावांनाही पुढच्या महिन्यात त्यांनी सोडलं नाही. तीस हा आकडा त्यांना पसंत नव्हता. “ओवाळणी कधी सम आकड्यात असते का रे? एकतीस कर.” तिघांनीही एकतीस केले. ‘गिऱ्हाइकाला भाव वाढवून सांगितला असता तर ते पळालं असतं,’ हे बी.ए.च्या पुस्तकात होतं. भावाला वाढवून सांगितलं तर तो खाली मान घालून देतो, हे नव्हतं.

“आई, तुम्ही तर माझ्यापेक्षा पक्क्या निघालात,” विमल एकदा म्हणाली.

“मला काही कळत नाही असं समजू नकोस,” मनूच्या छातीला ओव्याचा शेक देत सासूबाई म्हणाल्या. “या पोरीला घेऊन त्या गावी जायची माझी तरी कुठं छाती होती?”

संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ वाटला, गावी जायचं नाव कुणी काढलं नाही. मनूची छाती दोनदा भरली, दोन्ही वेळा विमल दहा मिनिटांत डॉक्टरांकडं पोचली.

पण आज दोन दिवस झाले, पंचनदराव जेवायला आलेले नाहीत. “साहेबांची रजेची चिठ्ठी आली आहे,” एवढंच दिगंबर सांगतो. “मग जाऊन बघा ना!” म्हटलं तर म्हणतो, “कारकुनानं साहेबाच्या खोलीवर जायचं नाही, हा त्यांनीच काढलेला नियम आहे.” लक्ष्मणची पाळी रात्रीची, मास्तर गावाला गेलेले. सासूबाई पंचनदरावांचं पान वाढून ठेवतात आणि झाकून परत उचलतात. मनूला दात येताहेत, अंग कोमट आहे, ती विमलला क्षणभर सोडत नाही. विमल पोरीचे श्वास मोजते आणि मध्येच तिचं मोजणं चुकतं.

आज सकाळपासून तिनं दूधवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते आहे. “आबिड्सकडं जाणार असाल तर पोस्टाच्या मागच्या गल्लीत जरा वर चढून बघा हो. दाराला काळी छत्री टांगलेली असेल, तीच खोली. कडी वाजवा. ‘कांहीं नाहीं, बरा आहें’ म्हणतील, त्यावर जाऊ नका, कपाळाला हात लावून पाहा. काही खाल्लंय का, विचारा. आणि हो, या महिन्याच्या भाऊबिजेचं काही बोलू नका.”