तीनशे बारा वर्षांची पणजी

"पणजी बऱ्या हायेत ना तुमच्या?"

दूध डेअरीवर कॅन ठेवता ठेवता कोणीतरी विचारलं. कृष्णरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांची पणजी ते जन्मायच्या कितीतरी आधीच गेली होती. मग पिठाच्या गिरणीवर दुसऱ्यानं चौकशी केली, "या वयात दात हायेत का त्यायले?" तिसऱ्यानं तोंड उघडलं तेव्हा कृष्णरावांनी पायातली चप्पल हातात घेतली.

"आमच्यावर काहून चिडता, भाऊ?" तो मागे सरकत म्हणाला. "तुमीच लिवून देल्लं ना? ग्रामपंचायतीच्या फलकावर लागून हाय तीन दिवसापासून."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि गावाचं पुनर्वसन झालं, पण कृष्णरावांच्या रागाचं पुनर्वसन करावं लागलं नाही. तो जुन्या गावातून जसाच्या तसा आला होता. चप्पल हातातच ठेवून ते फलकापर्यंत गेले.

फलकावर त्यांचीच वंशावळ होती. प्रविणला, म्हणजे त्यांच्या मुलाला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा होता. त्या दाखल्यावर नोकरभरतीत जागा होती आणि अर्जाची शेवटची तारीख बारा दिवसांवर आली होती. तलाठी कार्यालयानं वंशावळ लावून खाली लिहिलं होतं, 'आक्षेप असल्यास आठ दिवसांत कळवावे.' कृष्णरावांनी चष्मा लावला.

पणजोबा केशवराव. पहिली पत्नी सत्यभामा. दुसरी पत्नी रेणू, नागकन्या, गुप्त विवाह, वय ३१२, हयात.

त्यांनी डोळे चोळले आणि खाली पाहिलं. कृष्णराव, शापामुळे जन्मतः तापट, मृत्यू प्रकरण नऊ. त्यांच्याखाली प्रविण, पौर्णिमेला अदृश्य होतो. सगळ्यात शेवटी 'वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे' या ओळीखाली त्यांची ठसठशीत सही होती आणि सहीभोवती चार शिक्के होते. एवढ्या शिक्केवाल्यांपैकी एकानंही कागद वाचला नव्हता. अर्थात कृष्णरावांनी तरी कुठं वाचला होता? पण हा विचार त्यांना शिवला नाही. रागात माणसाला स्वतःचं काही दिसत नाही.

घरी त्यांची मुलगी रुचिता लॅपटॉप उघडून बसली होती.

"कोन हाय हे रेणू?"

रुचितानं मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. "तुमी 'वंशावळ नवी' ही फाईल छापून नेली का, बाबा? मी तर 'वंशावळ' न्या म्हटलं होतं."

"नवी असतानी जुनी कोन नेते?"

"ते माह्या कादंबरीची हाय. घराण्याचं रहस्य, नागकन्येचं प्रेम आन् पुरातन शाप. वंशावळ सोपी जावी म्हणून आपलीच घेतली. नावं मंग बदलणार होती."

कृष्णरावांनी चप्पल जमिनीवर आपटली. "नागकन्या ठीक हाय. मले काहून मारलं?"

"कथेची गरज होती."

"नवव्याच प्रकरणात?"

"आधी सातव्यातच मारत होती. आई म्हणे, दोन प्रकरणं राहू दे."

चुलीपाशी बसलेल्या रुखमाबाईंना एकदम भाकरी उलटायची आठवण झाली.

दुपारी कृष्णराव खऱ्या वंशावळीचा कागद घेऊन तलाठी मॅडमकडे गेले. मॅडम तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्याचाच कृष्णरावांना जास्त राग आला.

"कागद बदलता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण तीन आक्षेप आलेत. आधी त्यांची सुनावणी घ्यावी लागेल."

पहिला आक्षेप गावातल्या चंद्रकुमारचा होता. त्यानं लिहिलं होतं, 'आमच्या घरी साप निघतो पण कोणाला डसत नाही, सबब आम्ही रेणूबाईंचे वारस आहोत.' दुसरा एका निवृत्त गुरुजींचा. त्यांचं म्हणणं, कृष्णराव नवव्या प्रकरणात वारले असतील तर सही कोणी केली? तिसऱ्या आक्षेपाखाली फक्त नाव होतं. रंभाबाई.

ते नाव पाहून कृष्णरावांच्या कपाळाची शीर उठली. रंभाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जुन्या गावात पाणी चढत होतं, कृष्णराव नव्या गावातल्या प्लॉटसाठी कचेरीत रांगेत उभे होते, तेवढ्यात या बाईनं बापाच्या घराची सागवानी चौकट काढून ट्रॅक्टरवर टाकली आणि नदीपलीकडं आपल्या सासरी नेली. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. खरी वंशावळ टाईप करायला बसलेल्या रुचितालाही त्यांनी सांगितलं होतं, "मले बहीण नाई. लिवू नको." रुचितानं लिहिलं नाही. कादंबरीत मात्र तिनं आत्याला परत आणलं होतं: 'रंभाबाई, हिचं नाव भावानं रागात पुसलं. हिनं चोरलेल्या चौकटीत शाप आहे.' कृष्णरावांनी फलक वाचताना नागकन्या पाहिली, स्वतःचं मरण पाहिलं, आणि ही ओळ त्यांच्या नजरेतून सुटली. रंभाबाईच्या मोबाईलवर फलकाचा फोटो गेला तेव्हा तिनं नेमकी तीच वाचली.

सुनावणीला रंभाबाई पहिल्या बसनं आली. चंद्रकुमार आणि गुरुजी तिला पाहून, भावाबहिणीच्या भांडणात नको म्हणून, आपले आक्षेप मागं घेऊन निघून गेले.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "कृष्णराव, ही सख्खी बहीण ना तुमची? तुमच्या खऱ्या कागदात तर यांचं नावच नाही."

कृष्णराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र ते झालं असतं. या फलकावरच्या कागदातली नागकन्या, शाप आणि तुमचं मरण काढलं, तर वंशावळ हीच खरी आहे." मॅडमनी कागद पुढे सरकवला. "दाखल्याला यांची संमतीही लागेल. ती नसेल तर प्रविणचा अर्ज इथंच थांबला."

कृष्णरावांना मॅडमचा, लेकीचा, चार शिक्क्यांचा आणि खिडकीचाही राग आला.

"सांग, तुहा आक्षेप का हाय?" ते गुरगुरले. नऊ वर्षांनंतर बहिणीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"नाव पुसल्याचा नाई. तुहा राग मले जुना हाय," रंभाबाई म्हणाली. "चौकट चोरली असं लिवलं, त्याचा हाय. मी चोरली नाई, किसन. पाणी अंगणात आलं होतं. माय मरेपर्यंत त्याच चौकटीले टेकून बसे. मी नेली नसती त आज मासोळ्या टेकून राह्यल्या असत्या."

"मंग हे सांगतलं काहून नाई?"

"तुनं इच्यारलं काहून नाई?"

कृष्णरावांचे डोळे भरून आले, आणि आपले डोळे भरले याचाही त्यांना भयंकर राग आला.

रंभाबाईनं पदरानं हात पुसले. "कोठी करू सही, मॅडम? पोराचा काय दोष?"

तिसरी वंशावळ त्याच संध्याकाळी घरी टाईप झाली. रंभाबाई रुचिताला चिकटून बसली होती, अक्षर न् अक्षर पाहत होती. 'रंभाबाई, बहीण, हयात' हे शब्द उमटले तेव्हा तिनं पडद्याला बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "त्या कादंबरीत मी मरतो का वं?"

"नाई, आत्या. तुमच्यानंच शाप सुटते."

"आन् मी?" ओसरीवरून आवाज आला.

रुचितानं आईकडे पाहिलं. रुखमाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हटलं, "आज सही आणली त्यायनं. अकराव्यापर्यंत राहू दे."

दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हाती आला. दुसऱ्या दिवशी कृष्णराव डेअरीवर गेले, तर कॅनपाशी तोच माणूस उभा.

"पणजी बऱ्या हायेत ना, भाऊ?"

कृष्णराव गर्रकन वळले. "पणजीचं का घेऊन बसला?" ते ओरडले. "बहीण बरी हाय माही. घरी आली हाय, आठ दिवस राहून राह्यली. ते इच्यार."