एक व्याही

घटना घडली त्या वेळी सीमेवर पुढील गोष्टी होत्या: किरणोत्सार ओळखणारी कमान एक, तिचे खांब दोन (डावा आमच्या देशात, उजवा शेजारच्या), साहेब दोन, प्रत्येक खांबाला एक, ट्रक एक, हिरवी केळी दहा टन, ट्रकचालक एक, आणि मोजमाप सहायक म्हणून नुकताच नोकरीला लागलेला मी.

अणुसामग्रीची चोरटी वाहतूक कोणताही देश एकट्याने रोखू शकत नाही. त्यासाठी देशादेशांत विश्वास लागतो. आमच्या चौकीवर तो भरपूर होता, कारण आमच्या साहेबांची मुलगी शेजारच्या साहेबांच्या घरी दिलेली होती. (करारात याचा उल्लेख नाही. पण बाकीची सगळी कलमं यावरच उभी आहेत.)

ट्रक कमानीखाली आला. साहेब आणि व्याही दुतर्फा उभे राहिले. कमान किंचाळली.

केळ्यांत पोटॅशियम असतं आणि ते मुळातच अगदी थोडं किरणोत्सारी असतं, हे मी संयुक्त समितीला सांगितलं. समितीने (म्हणजे याच दोघांनी) माझं कौतुक केलं आणि केळ्यांना संशयित ठरवलं. फेरतपासणीला दोघे जातीने हजर राहिले. कमान पुन्हा किंचाळली.

केळी पिवळी झाली.

"काळी केळी गोदामवाला उतरवून घेत नाही," चालक म्हणाला. "मग ही दहा टन काय बायकोपुढे नेऊन ओतू?" समितीने प्रश्नाची दखल घेतली आणि चहा मागवला.

व्याही चहाला आत गेले तेवढ्यात मी ट्रक कमानीखालून काढून पाहिला. कमान गप्प. व्याही मिशा पुसत परत आले. कमान किंचाळली. शास्त्रात याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. मी हातातला मीटर केळ्यांजवळ धरला. काटा जेमतेम हलला. व्याह्यांच्या गळ्यापाशी नेला. काटा टोकाला जाऊन बसला.

"थायरॉइडची तपासणी केली, केळी यायच्या आदल्या दिवशी," व्याही म्हणाले. "दवाखान्यात काहीतरी प्यायला दिलं होतं. अगदीच बेचव."

धोका काहीच नव्हता. असलं औषध हळूहळू शरीरातून निघून जातं. पण कमान वाजली की कुणीतरी दोषी निघालाच पाहिजे आणि त्याला बंद खोलीत ठेवलं पाहिजे, असं करार सांगतो. मी साहेबांना बाजूला घेतलं.

"माझी पोरगी त्यांच्या घरात नांदते," साहेब हळू आवाजात म्हणाले. "एकदा फोनवर त्यांना नुसतं 'थांबा' म्हणालो, तर विहीणबाई वर्षभर बोलल्या नाहीत. आणि तू त्यांना कोंडायला सांगतोस?"

"मग केळी?"

"केळ्यांकडे आपली कुणी दिलीय का?"

चालकाने हे ऐकलं. "व्याही चालतात ना? मग माझ्या मालालाही व्याही समजा आणि सोडा."

साहेबांना ही सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष वाटली. व्याह्यांच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख अणू फुटत होते. या प्रमाणाला समितीने 'एक व्याही' असं नाव दिलं आणि त्याहून जास्त काही आलं तरच कमान वाजावी, असं ठरवलं. दहा टन केळी पाव व्याहीच्या किंचित वर भरली. ट्रक सुटला. सालींवर ठिपके पडले होते, पण गोदामवाल्याने माल उतरवून घेतला.

तेव्हापासून कमान एकदाही वाजलेली नाही, म्हणजेच चोरटी वाहतूक पूर्ण थांबली आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेत आमचा सत्कार झाला. इतर देशांनीही हे एकक स्वीकारलं. (काहींनी आपापला व्याही वापरण्याची मुभा मागितली, ती देण्यात आली.)

गेल्या आठवड्यात शिशाची एक पेटी आली. उचलायला चार माणसं लागली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. शिसं किरणं अडवतं, तरी बाहेरून ०.९ व्याही भरली. सोडली. पत्ता तुमच्या शहराचा होता.

पोटॅशियम माणसाच्या शरीरातही असतं. त्याचे सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटतात. पेटी पोहोचण्यापूर्वीचं वाचकाचं मोजमाप: ०.००१ व्याही.