तीन दवाखान्यांचा केवलराम

गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात केवलराम बायकोला, दुर्पताला, घेऊन मोठ्या ऐटीत आला. मोतीबिंदू काढायचा होता, आणि तोही दिवाळीनंतरच्या मंडईआधी, म्हणजे गावच्या जत्रेआधी. मंडईत रात्री रंगणाऱ्या दंडारीच्या नाटकात तीस वर्षं राजा तोच. मागच्या वर्षी मात्र राजानं शत्रू समजून तबलजीवरच तलवार उगारली. मंडळानं साफ सांगितलं, डोळा दुरुस्त करा, नाहीतर यंदा राजा उदाराम.

डॉक्टर अल्का मॅडमनी बीपी मोजलं. एकशे ऐंशी.

"बाबा, बीपीची गोळी घेता?"

"नाई जी! आपल्याले बीपीगिपी काई नाई."

हे उत्तर त्याला पाठ होतं. तिरोड्यात बाजाराच्या दिवशी, गावच्या शिबिरात, गोंदियात लेकीकडे, जिथे कुणी दंडाला पट्टा बांधला तिथे त्यानं हेच सांगितलं होतं. प्रत्येक डॉक्टरनं नव्यानं गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टर एकमेकांना कधी भेटत नाहीत, यावर त्याची गाढ श्रद्धा होती.

मॅडमनी हेल्थ कार्ड मागितलं. शिबिरात फुकट मिळालेलं ते कार्ड त्यानं तिन्ही दवाखान्यांत कौतुकानं दाखवलं होतं. दुर्पतानं मोबाईलवरचा ओटीपी वाचून दाखवला आणि तिन्ही दवाखाने एका पडद्यावर आले.

"तीन ठिकाणच्या तीन गोळ्या चालू, सहा महिने! तरी बीपी एकशे ऐंशी?" मॅडम घाबरल्याच. "ऑपरेशन नाही जमणार. नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. तपासण्यांत दोन महिने जातील."

"मंग मंडई?"

"मंडई पुढच्या वर्षी."

केवलरामला मुकुट घातलेला उदाराम दिसला, तोही अगदी स्वच्छ. राज्य वाचवायचं तर खरं बोलणं भाग होतं.

"म्याडम, मी एकबी गोळी खाल्ली नाई. साऱ्या धानाच्या कोठीत लपवल्या."

"त्या कोठीतल्या?" दुर्पता ताडकन उठली. "मले वाटलं, राजाचं काम करासाठी चोरून ताकतीच्या गोळ्या खाऊन राहिले! बायकोले एक नाई देल्ली. मंग मीच रोज एक खाऊन राहिली."

"माह्या गोळ्या काऊन खाल्ल्या?"

"तुमी काऊन लपवल्या?"

मॅडमनी घाईघाईनं दुर्पताच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे वीस, ऐंशी.

"त्रास काही?"

"पयले डोस्कं लय दुखे, चक्कर ये. आता बेस आहे."

"म्हणजे बीपी तुम्हालाही असणार. आता तुमचं कार्ड वेगळं, तपासणी वेगळी. बाबांना एकच गोळी, रोज, तुमच्या हातून. बीपी उतरलं की ऑपरेशन. मंडई गाठता येईल."

दुर्पतानं नवऱ्याकडे बघून सावकाश मान डोलावली. दंडारीतलं राज्य वाचलं होतं, घरातलं गेलं.

मॅडम नोंद करायला बसल्या. केवलरामच्या नावापुढे 'औषधाचा परिणाम' हा रकाना रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाईना. क्षणभर विचार करून त्यांनी टाइप केलं, 'उत्तम. पत्नीवर.'