तीन पेनड्राइव्हांचा गाडा

भादव्यातल्या पोळ्याला आमच्या शेजारच्या बबननानांनी पेनड्राइव्हना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, तेव्हा लग्न होऊन मुठा गावात आलेली मी अगदी नवी होते. मला वाटलं, आपल्यालाच काहीतरी चुकीचं दिसतंय. पाटावर ओळीनं तीन पेनड्राइव्ह. किल्ली अडकवायच्या भोकात प्रत्येकाला रंगीत गोंडा, अंगावर गुलाल. नाना टोपी सारखी करून हात जोडून उभे, आणि मागून त्यांची बायको, सुलाकाकी, म्हणतायत, "आता ह्यास्नी कडबा बी टाका मूठभर!"

मी पुण्यात वाढलेली. कंपनी हिंजवडीला, काम बहुतेक घरून, दिवसभर संगणकाशीच डोकेफोड. त्यामुळे 'मशीन'वरचा माझा अधिकार नानांनी पहिल्याच भेटीत मान्य केला आणि दुसऱ्या भेटीपासून माझं एकही ऐकलं नाही.

ही मशीन म्हणजे त्यांच्या मुलानं लॅपटॉप घेतल्यावर गावी आणून टाकलेला जुना संगणक. नानांनी त्याला ओटीवर जागा दिली, वर सुलाकाकींच्या लुगड्याचा पडदा शिवला आणि एक प्रिंटर जोडला. गावात कुणाला सातबारा हवा, कुणाला लाइट बिल, की निघाले नानांकडे. काम चोख. फक्त मशीन चालू होईपर्यंत चहा ठेवून, उकळून, पिऊन, कपबशा विसळून व्हायच्या. मी घायकुतीला येऊन म्हणायचे, "नाना, हँग झालं हो!" की ठरलेलं उत्तर, "दमानं. घेतंय ते."

आता पेनड्राइव्हचं. मशीनची मेमरी तोकडी पडत असेल तर पेनड्राइव्ह लावून तिला थोडा टेकू देता येतो, अशी सोय जुन्या विंडोजमध्ये असते, खोटं नाही. नानांनी ते मोबाइलवर कुठंतरी पाहिलं आणि लगेच पटलं. उभा जन्म बैलगाड्याच्या शर्यतींत गेलेला माणूस! ओढ कमी पडते? जुंपा आणखी एक. चार तोंडांचा हब आणला, त्याला तीन पेनड्राइव्ह लावले. नावं ठेवली लाल्या, हरण्या आणि पाखऱ्या.

"फरक पडला का नाना?"

"म्हंजे काय! लाल्या जुपल्यापास्नं फॅनचा आवाज बदाललाय."

एकदा घाईत मी माझा पेनड्राइव्ह हबच्या रिकाम्या चौथ्या तोंडात घालायला गेले, तर नाना अंगावर साप पडल्यासारखे ओरडले. "तितं न्हाई! ती जागा चिमण्याची हाय!"

चिमण्याची हकीकत मग काकींनी सांगितली. नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ भिकूतात्या, दोघांचा मिळून एक गाडा होता. चार बैल. नाना गाडा हाकायचे, तात्या बैलांचं बघायचे. शर्यत जिंकली की दोघं भाऊ एकाच ताटात जेवायचे म्हणे. पुढं नदीकाठचा तुकडा बंगलेवाल्याला विकायचा की नाही यावरून बिनसलं आणि वाटण्या झाल्या. बैलांची वाटणी आली तेव्हा तात्या म्हणाले, मला चिमण्या तेवढा द्या, बाकी काय नको. तो त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. नानांनी दावं सोडून हातात दिलं. गाडा मोडला तो मोडलाच. आता चारातला एकही बैल उरलेला नाही, आणि तेव्हापासून दोघा भावांत बोलणंही नाही.

पण येणंजाणं होतं, हीच तर गंमत! तात्यांनी घराच्या मागं चार खोल्या काढल्यात, शनिवार-रविवारी पुण्याची माणसं राहायला येतात. त्यांच्या आधारकार्डाच्या प्रती काढून ठेवाव्या लागतात. त्यासाठी दर शुक्रवारी संध्याकाळी तात्या मोबाइल घेऊन नानांच्या ओटीवर हजर. लोखंडी खाटेच्या एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला तात्या, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा, समोर मशीनवर चक्र गोल गोल फिरतंय. आणि बोलणं सगळं सुलाकाकींच्या मार्फत.

"वैनी, म्हणावं, वरच्या खाचरात पाणी लई तुंबलंय."

"सांग त्याला, बांध फोडलाय सकाळीच."

"म्हणावं, गुडघा कसा हाय?"

"सांग, हाय तसाच हाय."

काकी बिचाऱ्या चहाचं आधण सोडून एकदा इकडं बघायच्या, एकदा तिकडं. "मी काय टपालहाफीस हाय का रं?" असं दर शुक्रवारी एकदा ओरडायच्या. दोघंही बहिरे झाल्यासारखे पडद्याकडे बघत बसायचे.

मला हे बघवेना. किती वेळ माणसानं असं अवघडून बसायचं! मी ठरवलं, आता बास. या मशीनला रॅमची पट्टी टाकायचीच. कुणी काही म्हणो.

नानांना समजावायला गेले. "हे बघा नाना, ओट्यावर जागा पुरत नाही म्हणून अंगणात पाट टाकून भाजी चिरायची, तसे हे तुमचे पेनड्राइव्ह. सारखं आतबाहेर, आतबाहेर. रॅम वाढवली की ओटाच मोठा होतो."

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अंगणात बसलं म्हंजी चार माणसं तरी भेटत्यात, सूनबाई."

"तुम्हाला ना, काही सांगण्यात अर्थ नाही!"

पण मीही हट्टाला पेटले होते. हिंजवडीहून येताना जुन्या मशीनला बसेल अशी पट्टी शोधून आणली. गुरुवारी दुपारी जाऊन उभी राहिले. नाना म्हणाले, "नगं." मी म्हटलं, "बसवणार." नाना म्हणाले, "तिचं पोट फाडायचं न्हाई." मी म्हटलं, "माझं आयुष्य यात गेलंय." शेवटी काकीच कडाडल्या, "बसवू द्या पोरीला! माझा तर घसा बसला सांगून सांगून." नाना बाजूला सरकले. मी डबा उघडला, बोटबोट धूळ फुंकली, पट्टी खटकन बसवली. नाना मानेवरून वाकून माझा हात कुठं जातो ते नीट बघत होते. मला वाटलं, शिकतायत.

शुक्रवारी मुद्दाम बघायला गेले. तात्या आले, चपला काढल्या, खाटेवर टेकले. काकींनी नुकता स्टोव्ह पेटवला होता. नानांनी बटण दाबलं आणि मशीन अशी उठली, की मीच टाळी वाजवली! फोटो आले, प्रिंटर घरघरला, कागद हातात.

तात्या कागदांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं? येवढ्यात?"

"झालं की तात्या! आता तुमचा खोळंबा नाही."

तात्या उठले. पुन्हा बसल्यासारखं केलं. पण बसायला कारण काय सांगणार? "वैनी, च्या ऱ्हाऊ द्या मग," असं म्हणून चपलेत पाय घातले आणि गेले. स्टोव्हवर पाणी नुसतं उकळत राहिलं. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बघ, कशी पळवली मशीन.

दोन दिवसांनी नाना आमच्या दारात. हातात स्टीलचा छोटा डबा. उघडला, तर आत माझी पट्टी, पंच्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली.

"काढलीत?" माझा पाराच चढला. "अहो, चांगली चालली होती! आता तुमचं ते पेनड्राइव्ह पेनड्राइव्ह खेळत बसा. त्यांनी काडीचाही फरक पडत नाही, सांगून ठेवते!"

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"काय फरक पडत न्हाई त्ये. पयल्या दिसापास्नं ठावं हाय." नाना पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सूनबाई, तुझी पट्टी लई चांगली. तिची काय चूक न्हाई. पर भिकू बसलाच न्हाई गं."

जवळच पौडला झेरॉक्सची इतकी दुकानं, तात्यांकडे मोटारसायकल, शनिवारच्या बाजारहाटाला ते जातातच. मग हा माणूस दर शुक्रवारी इथंच का येतो, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. संगणकाचं शिकून बसलेय मी! मी डबा घेतला आणि कपाटात अगदी मागं सारला.

"येईल का गं त्यो आता?" नाना विचारत होते. "आता त्याला वाटंल, काम झटक्यात व्हतंय, पोरगं धाडलं तरी चालंल."

पुढच्या शुक्रवारी मला काम सुधरेना. संध्याकाळी लॅपटॉप मिटून नानांच्या ओटीवर जाऊन बसले. नाना हबवरचे गोंडे उगीच सारखे करत होते. काकींनी चहाचं पाणी मोजून ठेवलं, पण स्टोव्ह पेटवला नाही. दिवेलागण झाली. रस्त्यानं एक मोटारसायकल आली आणि तशीच पुढं गेली. नाना म्हणाले, "दमानं," पण कुणाला ते कळलं नाही.

मग तात्या आले. चालत. खाटेच्या आपल्या टोकाला बसले.

"वैनी, म्हणावं, आज बी पळतीया का मशीन?"

"न्हाई रं भावोजी," काकी घाईघाईनं म्हणाल्या, "पुन्यांदा रुसलीया." आणि काडी ओढली.

नानांनी बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तात्यांनी मोबाइल काही काढला नाही. बंडीच्या खिशात हात घालून चाचपत राहिले, आणि एक नवाकोरा पेनड्राइव्ह बाहेर काढला. त्याला लाल लोकरीचा गोंडा होता, हातानं केलेला, जरा वाकडाच.

काकींनी मान वर केली, निरोप पोचवायच्या तयारीत. पण तात्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"दादा," ते म्हणाले, "चिमण्या आणलाय. जुप."

नानांनी तो घेतला. हबच्या चौथ्या तोंडाशी नेला, पण हब सारखा सरकत होता, तो काही आत जाईना. तात्या खाटेवरून सरकत मधल्या जागेत आले आणि त्यांनी खालून हब घट्ट धरला. पेनड्राइव्ह बसला. नानांचा हात भावाच्या खांद्यावर गेला. त्यावरचा बारका दिवा लागला. काकी पदरानं डोळे पुसत स्टोव्हच्या नावानं धूर धूर म्हणायला लागल्या.

मला गप्प बसवेना. "नाना," मी म्हटलं, "आता बघा हं, चार झाले. आता पळेल मशीन."

"गप ए," नाना म्हणाले. भावाच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता. "पळायची काय घाई हाय?"